एकाच लिनोवरची पहाट

मावशीने सकाळी पहिली कोरणी हातात घेतली आणि तिला चष्म्यावर शाईचे शिंतोडे दिसले. तिने चष्मा काढला, एप्रनच्या कोपऱ्याने पुसला, खिडकीकडे धरून पाहिला. काच लख्ख होती. पुन्हा घातला तर शिंतोडे आहेत तिथेच. नजर हलवली की तेही हलायचे, पण जरा मागून, कपातल्या चहाची पत्ती फिरते तसे.

"शाईच असणार," ती स्वतःशी म्हणाली. तसं म्हणायला जागाही होती, कारण त्या खोलीत शाई न लागलेली वस्तू शोधूनही सापडली नसती. दाराची कडी काळी, पाण्याची बाटली काळी, भिंतीवरचं घड्याळसुद्धा खालून काळं.

खोली म्हणजे घराखालचं जुनं गॅरेज. मध्ये भक्कम टेबल, भिंतीला एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणलेलं, हाताने फिरवायचं प्रेस, आणि वर दोऱ्यांवर चिमट्यांनी अडकवलेले ओले कागद. जवसाच्या तेलाचा आणि रॉकेलचा वास भिंतींत मुरलेला. इथे मावशी लिनोकट करायची. जमिनीवर अंथरतात त्या जाड लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं. जिथे कोरलं तिथे पांढरं, जिथे राखलं तिथे शाई. वर कागद ठेवून दाबला की चित्र उलटं होऊन कागदावर उतरतं. जन्मभर तिने हे एकच काम मनापासून केलं. पोटासाठी शाळेत चित्रकला शिकवली आणि शाळा सुटली की पुस्तकांची मुखपृष्ठं, नाटकांची पोस्टरं, जे येईल ते कोरलं. लग्न केलं नाही. मोठी बहीण आजारपणात गेली तेव्हा तिची मुलगी, जिचे दुधाचे दातसुद्धा अजून पडायचे होते, मावशीच्या पदरात आली. ती पोर एका जागी बसायची नाही म्हणून मावशीने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव चिकटलं.

भिंगरी आता मोठी झाली होती आणि वरच्या मजल्यावर बसून व्हिडिओ गेम बनवत होती. सोबत तिचा नवरा. तो प्रोग्रामर, आणि बोलण्याच्या बाबतीत इतका काटकसरी की लग्नाच्या आठवड्यातच मावशीने त्याचा मौनीबाबा करून टाकला. त्याने त्यावरही काही म्हटलं नाही.

गेमची चित्रं करशील का, असं भिंगरी पहिल्यांदा विचारायला आली तेव्हा मावशी फटकळपणे म्हणाली होती, "गोळ्या झाडायच्या आणि गाड्या आपटायच्या. त्यात माझ्या लिनोचं काय काम?"

"गोळ्या नाहीत गं. एक बाई आहे, नाव चालवते. या काठावरची माणसं त्या काठाला सोडते."

"आणि?"

"आणि काही नाही. नदी मोठी आहे. आणि रात्र आहे."

मावशीने त्यावर नुसतं नाक मुरडलं, पण त्याच दुपारी तिने एक छोटा तुकडा कोरून ठेवला: काळ्या पाण्यात पाठमोरी बसलेली बाई. भिंगरीने तो छाप स्कॅन करून स्क्रीनवर घेतला. मग सुरू झालं ते काम मावशीच्या कल्पनेपलीकडचं निघालं. बाईने वल्हं मारायचं तर वल्ह्याच्या प्रत्येक अवस्थेला वेगळा ब्लॉक, म्हणजे लिनोचा वेगळा तुकडा. पाणी वेगळं, धुकं वेगळं, कंदिलाचा उजेड वेगळा. मौनीबाबा ते कागद वर न्यायचा, आणि एक दिवस त्याने मावशीला खूण करून वर बोलावलं. स्क्रीनवर तिची बाई वल्हं मारत होती. आयुष्यभर जागच्या जागी बसलेल्या तिच्या चित्रांपैकी एक चाललं होतं. मावशी खाली गेली, थोड्या वेळाने काहीतरी विसरल्याचं निमित्त करून पुन्हा वर आली, आणि पुन्हा बघून गेली.

शेवटचं दृश्य राहिलं होतं. पहाट. ते मावशीने स्वतःहून अवघड करून घेतलं होतं. एकच मोठा ब्लॉक घ्यायचा. थोडा कोरायचा, छाप काढायचा. त्याच ब्लॉकवर आणखी कोरायचं, पुन्हा छाप. दर खेपेला काळं कमी, उजेड जास्त. गेममध्ये माणूस वल्हवत जाईल तसे ते छाप एकामागून एक येतील आणि नदी त्याच्या डोळ्यांदेखत उजाडेल. यात मेख एवढीच, की परतीची वाट नाही. एकदा कोरलेलं लिनो पुन्हा भरता येत नाही. हात चुकला की आधीचे सगळे टप्पे वाया, कारण पुढचा टप्पा त्यांना जुळणारच नाही.

"हे एक दृश्य कॉम्प्युटरवर करू या का?" भिंगरीने विचारलं होतं. "कुणाला कळणार नाही. तुझा त्रास वाचेल."

तिने ते प्रेमाने विचारलं होतं. मावशीला मात्र ते काट्यासारखं रुतलं. कुणाला कळणार नाही, म्हणजे मी नसले तरी चालेल. दुसऱ्याच दिवशी तिने सर्वांत मोठा ब्लॉक कापून घेतला.

आता तो निम्म्याच्या पुढे गेला होता. नवे गेम मांडायचं एक प्रदर्शन होतं, तिथे यांना एक टेबल मिळालं होतं, आणि ते पंधरवड्यावर आलं होतं. त्यामुळे शिंतोड्यांकडे लक्ष द्यायला मावशीला फुरसत नव्हती. गरम पाण्याची पिशवी ब्लॉकखाली सरकवून तिने लिनो मऊ केलं आणि पाण्यावरच्या रेषा कोरायला घेतल्या.

थोड्या वेळाने डाव्या बाजूला काहीतरी चमकलं. पुन्हा चमकलं.

मौनीबाबा वाळलेले छाप न्यायला आला होता. मावशी म्हणाली, "अरे, ती ट्यूबलाइट बघ जरा. मघापासून लुकलुकतेय."

तो ट्यूबलाइटखाली उभा राहिला. वर पाहिलं. बटण बंद करून पुन्हा लावलं. बराच वेळ पाहत राहिला. "ठीक आहे," म्हणाला.

"ठीक कसली? आत्ता चमकली!"

त्याने मावशीकडे पाहिलं, काही बोलावंसं वाटल्यासारखं केलं, आणि कागद घेऊन वर गेला.

तो गेल्यावर मावशीने ट्यूबलाइट बंदच केली. खिडकीचा उजेड पुरेसा होता. अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघितलं तर तिथे पुन्हा वीज चमकली, कडेला, कमानीसारखी. खोलीत चमकण्यासारखं आता काही नव्हतं. तिने एक हात उजव्या डोळ्यावर ठेवला आणि नुसत्या डाव्याने समोर पाहिलं.

खालून काहीतरी वर आलं होतं. राखाडी, पडद्यासारखं, पण पडदा वरून पडतो आणि हे खालून चढलं होतं. टेबलाची अलीकडची कड दिसत नव्हती. तिने मान खाली केली तर राखाडी तिच्याबरोबर आलं. हात बदलून उजव्याने पाहिलं, सगळं जागच्या जागी. पुन्हा डाव्याने. पुन्हा ते.

भिंगरीला हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

वर जिन्यात पावलांचा आवाज झाला, भिंगरी फोनवर कुणाशी तरी प्रदर्शनाच्या टेबलाबद्दल हसत बोलत होती. मावशीने ब्लॉककडे पाहिलं. पाण्याच्या रेषा अर्ध्यावर. हा टप्पा संपवते, छाप काढते, मग सांगते, असं तिने ठरवलं. डोळ्याला थकवा आला असेल. झोप झाली की जाईल. हे स्वतःला पटवताना तिचे हात गार पडले होते, ते तिने गरम पिशवीवर ठेवून शेकले.

डावा डोळा मिटून ती कोरू लागली. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही हे तिला शाई लावायचा रोलर उचलताना कळलं; हात रोलरच्या अलीकडेच मिटला आणि शाईचा डबा कलंडला. भिंगरी चहा घेऊन आली तेव्हा मावशी जमीन पुसत होती.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? डबा सांडला."

"मी पुसते ना. तू ऊठ."

"तू जा. चहा ठेव आणि जा. माझ्या मानगुटीवर बसू नका दोघं."

भिंगरी थबकली. मावशीच्या नाकावर राग असायचा, ते तिला नवं नव्हतं. पण मावशी तिच्याकडे न बघता बोलत होती, आणि एक डोळा मिटून. "डोळ्यात काही गेलंय का?"

"कचरा गेला. जाईल."

भिंगरी गेली, पण दार तिने अर्धं उघडं ठेवलं.

मावशी पुन्हा वाकली. आता नावेच्या पुढचं पाणी राहिलं होतं. कोरणी लिनोत शिरली, तिच्या पात्यापुढून बारीक सालपट गुंडाळत निघालं. सगळं ठीक चाललंय असं वाटेपर्यंत मिटलेला डोळा नकळत उघडला, राखाडी लाट समोर आली, मावशीने दचकून मान मागे घेतली, आणि हाताला जो जोर होता तो तसाच पुढे गेला. कोरणी पाण्यातून निसटली, नावेच्या अंगावरून आरपार गेली आणि ब्लॉकच्या कडेबाहेर टेबलात रुतली.

मावशीच्या तोंडून आवाज निघाला. रडण्याचा नव्हता, ओरडण्याचाही नव्हता.

दोघं धावत आली. ब्लॉकवर नावेचं पोट तिरकं फाटलेलं होतं. भिंगरीने ते पाहिलं. मग तिने मावशीचे दोन्ही हात उलटेपालटे करून तपासले. रक्त नव्हतं.

"हात घसरला," मावशी म्हणाली.

"तुझा?" भिंगरी म्हणाली. "तुझा हात घसरला?"

मौनीबाबा पुढे आला. "सकाळी मावशी म्हणाल्या ट्यूबलाइट चमकतेय," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून ऐकून दोघी त्याच्याकडे बघू लागल्या. "ट्यूबलाइट ठीक होती." तो मावशीसमोर गुडघे टेकून बसला, आपल्या हाताने तिचा उजवा डोळा झाकला आणि दुसरा हात तिच्या हनुवटीजवळ खाली धरला. "बोटं किती?"

मावशीला हातच दिसला नाही.

त्याने हात हळूहळू वर आणला. बराच वर आल्यावर ती म्हणाली, "आता दिसतोय."

"गाडी काढ," भिंगरी त्याला म्हणाली. मावशीला ती काहीच म्हणाली नाही, आणि तेच जास्त लागलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसवलं. बाहुल्या मोठ्या झाल्या तशी भिंतीवरची पाटी, समोरच्या बाईचा चेहरा, सगळं वितळायला लागलं. भिंगरी शेजारी बसली होती, पण दोघींच्या मध्ये पिशवी ठेवून. मावशीने एकदा पिशवी उचलून मांडीवर घेतली. भिंगरी सरकली नाही.

डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत होती. तिने कपाळावरचा दिवा मावशीच्या डोळ्यात रोखला, वर बघा, खाली बघा, डावीकडे बघा, आणि बघता बघता तिची घाई नाहीशी झाली. मावशीने ते ओळखलं. ज्याला घाई असते तो माणूस असा अचानक हळू झाला की बातमी चांगली नसते.

"डोळ्याच्या मागचा पडदा सुटायला लागलाय," ती म्हणाली. "भिंतीला ओल आली की वरचा कागद सुटतो बघा, वरून खाली लोंबत येतो. तसं. वरून सुटत येतोय, म्हणून तुम्हाला खालचं दिसत नाहीये."

"किती सुटलाय?"

"मधला भाग अजून धरून आहे. जेमतेम. बारीक काम करायला लागतो तो हाच. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन तुमचं. तोवर उताणं पडून राहायचं. वाकायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही. कधीपासून होतंय हे?"

"सकाळपासून."

"मग सकाळीच का नाही आलात?"

मावशीने काय सांगावं? पाण्याच्या चार रेषा राहिल्या होत्या, हे त्या खोलीत म्हणण्यासारखं नव्हतं. उत्तर भिंगरीने दिलं. "त्यांना काम होतं," ती म्हणाली, इतक्या थंडपणे की डॉक्टरणीने मान वर करून पाहिलं.

तिला तिथेच ठेवून घेतलं. उताणं पडायचं, छताकडे बघायचं. संध्याकाळपर्यंत मावशी एकच गोष्ट करत होती: चांगला डोळा झाकायचा आणि राखाडी कुठवर आलंय ते बघायचं. दाराच्या वरच्या चौकटीवर ती नजर रोखायची. मघाशी राखाडी कडीपर्यंत होतं. आता कडीच्या वर होतं. ते मधोमध आलं की संपलं. आणि ते चढत होतं. पुन्हा पुन्हा बघू नये हे कळत होतं, पण हात आपोआप डोळ्याकडे जायचा.

शेवटी भिंगरीने तो हात धरून खाली दाबला. "नको बघूस."

"आता जास्त आलंय."

"माहीत आहे मला. तुझा श्वास बदलतो." मग इतका वेळ धरून ठेवलेलं फुटलं. "तुझ्या डोळ्यापेक्षा माझा खेळ मोठा होता का गं? एक हाक मारायची होती. मी जिन्यात होते, मावशी! जिन्यात!"

"तू म्हणाली होतीस कॉम्प्युटरवर करू."

"काय?"

"शेवटचं दृश्य. कुणाला कळणार नाही म्हणालीस." छताकडे बघत बोलणं सोपं होतं. "मला वाटलं, मी आता थांबले तर तू तेच करशील. आणि खरंच कुणाला कळणार नाही."

भिंगरीची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मावशीला वाटलं ती उठून गेली. डोळे वळवून बघायची तर मनाई होती. मग तिच्या दंडावर भिंगरीचं कपाळ टेकलं. "मूर्ख बाई," भिंगरी म्हणाली, आणि तिथेच राहिली.

ऑपरेशन झालं. पडदा चिकटवला, तो धरून ठेवायला डोळ्यात हवेसारखा वायू भरला. मधल्या भागाची कड जरा उचलली गेली होती, असं डॉक्टरीण म्हणाली. किती दिसेल ते आज कुणीच सांगू शकत नाही. आणि आता उलटा हुकूम: पालथं राहायचं. वायूचा तो बुडबुडा पडद्याला दाबून धरेल अशा बेताने तोंड सतत जमिनीकडे, जेवताना, झोपताना, बोलताना. कोरताना जन्मभर जशी मान घातली तशीच, पण हातात काही नाही.

घरी तिच्यासाठी पलंगाच्या टोकाला उशांची चौकट केली. त्यातून चेहरा खाली आणि समोर फरशी. माणसं तिला आता पावलांवरून कळू लागली. मौनीबाबाच्या मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. भिंगरी उभ्या उभ्या एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी घासायची, लहानपणापासूनची सवय. प्रदर्शन जवळ येत होतं आणि त्याबद्दल त्या घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

काढला तो मावशीनेच. "ब्लॉक आण."

भिंगरीने ब्लॉक आणून फरशीवर, मावशीच्या चेहऱ्याखाली ठेवला. मावशीने उजव्या डोळ्याने पाहिलं. फाटलेली रेघ नावेच्या पोटातून गेली होती, खोल आणि सरळ. तिने हात खाली सोडून बोट फिरवलं. पुष्कळ वेळ फिरवलं.

"उजेड या बाजूने आणला तर," ती म्हणाली, "नावेची ही अख्खी बाजू पुढच्या टप्प्यात जाईल. उजेडात गेली असं दिसेल. रेघ त्यातच गडप होईल."

"पण कोरणार कोण?"

फरशीवर भिंगरीची पावलं होती. मावशी पावलांकडे बघत म्हणाली, "तुझा हात जड आहे."

"हे तू मला शाळेत असल्यापासून सांगतेयस."

"कारण तो आहे."

"मग राहू दे. पहाटेशिवाय नेते गेम. रात्रीतच संपेल. कॉम्प्युटरवर करणार नाही, तुझी शपथ."

मावशीला हे अपेक्षित नव्हतं. पावलं हलली नाहीत. अखेर ती म्हणाली, "सपाट तोंडाची कोरणी आण. बारीक नको, बारीक तुला झेपायची नाही. आणि खाली बस, माझ्या नजरेसमोर."

ती दुपार तिघांनाही पुढे आठवत राहिली. भिंगरी फरशीवर मांडी घालून, ब्लॉक मांडीपुढे, आणि वरून उशांच्या चौकटीतून मावशीचा सुजलेला चेहरा. "कोपर वर. कोपर! पलीकडे ढकल, खाली नको दाबू. कोरणीपुढे हात! कितीदा सांगू, पुढे हात नको!" भिंगरीच्या मानेवर घाम आला होता. सालपट तुटत तुटत निघायचं, कडा भरड यायच्या, आणि दर वेळी मावशी आणखी ओरडायची, कारण हात पुढे करून ते हत्यार काढून घेणं तिला शक्य नव्हतं. टप्पा झाला की मौनीबाबा ब्लॉक उचलून खाली न्यायचा, शाई लावायचा, छाप काढून फरशीवर आणून ठेवायचा. पहिला छाप आला. नावेची बाजू उजळली होती. रेघ दिसत नव्हती. मावशी म्हणाली, "हं." एवढंच, पण भिंगरीने डोळे मिटून श्वास सोडला.

दोन टप्पे नीट झाले. शेवटचा राहिला. त्यात मागचं आकाश कोरून पलीकडचा काठ तेवढा ठेवायचा होता: झाडं, उतरायच्या पायऱ्या, पायऱ्यांवर वाट बघणारी माणसं. मावशीने ती माणसं पहिल्याच दिवशी रेखून ठेवली होती, एकेक बोटाच्या नखाएवढी. सगळ्या नदीभर मावशी त्या काठासाठी थांबली होती.

भिंगरी आकाश कोरत गेली. काठापाशी आली. तिथे थांबायचं होतं. ती थांबली नाही.

"अगं, काठ! भिंगरे, काठ आहे तो!"

कोरणी झाडांतून गेली. पायऱ्यांतून गेली.

"थांब! थांब म्हणते ना!" मावशीने मान उचलली, मौनीबाबाने झटकन दोन्ही तळवे तिच्या कानांमागे ठेवून ती जागेवर धरली. खाली भिंगरीचा हात चालतच होता, जड, न डगमगता, माणसांवरून. भिंगरीने मान वर केली तेव्हा ब्लॉकवर नाव होती, बाई होती, थोडं पाणी होतं. पलीकडे काहीच नव्हतं.

"का?" मावशीने विचारलं.

"काठ दिसला की माणसं वल्हवायचं सोडतात," भिंगरी म्हणाली. "किती जणांना खेळायला बसवलं मी. तुझ्याच काठाचं कच्चं चित्र लावून. दिसला की हात सोडतात आणि आपोआप पोचायची वाट बघतात. नुसतं बघत बसतात. मला ते नकोय. उजाडलं तरी वल्हवायला हवं."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू करू दिलं असतंस?"

उत्तर दोघींना माहीत होतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मावशी भिंगरीशी बोलली नाही. पाणी हवं असलं तर मौनीबाबाला सांगायची. त्याने एकदा पाणी देताना म्हटलं, "मीसुद्धा सोडलं होतं. वल्हं. काठ दिसल्यावर." आणि गेला.

पालथं राहण्याची मुदत संपली तोवर प्रदर्शन आलं. डोळ्यावर पट्टी, तोल सांभाळायला भिंगरीचा दंड, अशी मावशी त्या गजबजलेल्या हॉलमध्ये जाऊन भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली. बाकीच्या टेबलांवर रंगांचा नुसता स्फोट झाला होता. त्यांचं एकटं काळं. लोक येत, थोडी नाव चालवत, निघून जात. कुणीच शेवटापर्यंत पोचेना. भिंगरी नखं खात उभी.

दुपारी हॉलची साफसफाई बघणारा एक वयस्क मुकादम कुतूहलाने त्यांच्या टेबलापाशी टेकला. त्याने नावेतल्या लोकांना पलीकडे सोडलं, परत आला, पुन्हा सोडलं, आणि मग पहाटेच्या पाण्यात शिरला. मावशी खुर्चीच्या कडेवर आली. अंधाराला चिरा पडल्या. नावेची बाजू उजळली. आकाश पांढरं होत गेलं, त्यात भिंगरीच्या जड हाताच्या भरड रेघा, वाऱ्यासारख्या. मुकादमाने भुवया जवळ आणल्या. "कुठे जायचंय आता?" त्याने मागे न बघता विचारलं. मावशीला वाटलं, तो उठणार. आता उठणार. मुकादम पुढे झुकला, आणि वल्हवत राहिला. खूप वेळ. स्क्रीन पूर्ण पांढरी झाली तेव्हा त्याने हात खाली ठेवले, मांडीवर पुसले, आणि "बरं आहे" म्हणून झाडूवाल्यांना ओरडायला निघून गेला.

भिंगरी मावशीजवळ येऊन खाली उकिडवी बसली.

"माझी माणसं खाल्लीस," मावशी म्हणाली.

"हो."

"पुढच्या वेळी आधी विचारायचं. मी नाही म्हणेन. मग भांडायचं. पण विचारायचं."

"पुढच्या वेळी म्हणजे?"

मावशीने पट्टीखालचं पाणी रुमालाने टिपलं आणि त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं.

डोळा वाचला, पण होता तसा आला नाही. वायू विरून गेल्यावर त्या डोळ्याला प्रत्येक सरळ रेघ मध्येच बाक आलेली दिसू लागली. उजव्या डोळ्यातही एक जागा कमजोर निघाली. तिथे लेझरने टाके घातल्यासारखं केलं आणि डॉक्टरणीने बजावलं, की चमकलं, शिंतोडे दिसले, तर त्याच क्षणी यायचं. मावशीने मान हलवली. हे मान हलवणं खोटं नाही हे पटवायला भिंगरीने तिच्याकडून ते मोठ्याने म्हणवून घेतलं.

आता खालच्या खोलीत दोन खुर्च्या असतात. मोठे ब्लॉक भिंगरी कोरते, तिचा हात अजून जडच आहे आणि मावशी तसं दिवसातून दहादा ऐकवते. लहान कामं मावशी उजव्या डोळ्याने करते, हळू, दर थोड्या वेळाने हात उचलून. भीती गेलेली नाही. रोज सकाळी कामाला बसायच्या आधी ती उजवा डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघते. वरून जिन्यातून भिंगरीची हाक येते, "किती वाकडी आज?"

मावशी नीट बघते. घाई करत नाही.

"कालच्याएवढीच," ती ओरडून सांगते, आणि मग लिनो गरम करायला घेते.